एअर बॅरिअर आणि व्हेपर बॅरिअर (घरबांधणी)

थंड प्रदेशात नवीन घर बांधताना भिंती, छत आणि पायाच्या आत बसवतात ते दोन थर, एकाचं (एअर बॅरिअर, हवारोधक) काम हवा अडवायचं आणि दुसऱ्याचं (व्हेपर बॅरिअर, बाष्परोधक) पाण्याची वाफ अडवायचं. कॅनडात नि अमेरिकेच्या उत्तरेकडे लाकडी सांगाड्याच्या घरांमधे पुष्कळदा एकच प्लास्टिकचा कागद दोन्ही कामं करतो, म्हणून जुन्या हँडबुकांतसुद्धा दोघांची सर्रास गल्लत झालेली आहे.

हिवाळ्यात घरातली हवा उबदार आणि अंघोळ-स्वयंपाकामुळे दमट असते, ती भिंतीत शिरून बाहेरच्या थंड प्लायवुडला लागली की तिथे पाणी सुटतं, मग बुरशी, मग कुजणं. वाफ आत जाते दोन वाटांनी, एक म्हणजे सरळ पदार्थातून झिरपून आणि दुसरी फटींमधून हवेबरोबर. नेहमी दिला जाणारा हिशोब असा की थंड हवेच्या ठिकाणी एका हिवाळ्यात ४ बाय ८ फुटांच्या अखंड ड्रायवॉलमधून (भिंतीला आतून लावायचा जिप्समचा बोर्ड) झिरपून जेमतेम पाव-एक लिटर पाणी जातं, आणि त्याच शीटला एक चौरस इंचाचं भोक असेल तर हवेबरोबर अठ्ठावीसेक लिटर. आकडे घरागणिक बदलतील पण प्रमाण बघा.

असं असताना नियम आधी वाफेचे का झाले हा खरा वादाचा मुद्दा. १९३० च्या दशकात अमेरिकेत घरांच्या भिंतीत इन्सुलेशन (उष्णता अडवणारा भराव) भरायला लागले आणि बाहेरचा रंग सोलवटायला लागला, रंगारी म्हणाले इन्सुलेशनच पाणी ओढतं. १९३७ च्या सुमारास मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचे टीसडेल, १९३८ मधे लेख लिहिणारे आर्किटेक्ट टायलर रॉजर्स आणि मिनेसोटा विद्यापीठाचे फ्रँक रॉली या तिघांच्या कामातून उत्तर निघालं की वाफ आतून येते, तिला उबदार बाजूला अडवा. श्रेय बहुतेक जण रॉलींना देतात, पण टीसडेल आधीचे आहेत हे सोडून चालणार नाही. रॉलींनी वाफेचं वहन उष्णतेच्या वहनासारखं मांडलं, गणित सुटसुटीत झालं आणि हवेची गळती त्यातून जवळजवळ बाहेरच पडली. १९४२ मधे अमेरिकेच्या फेडरल हाउसिंग खात्याने बाष्परोधक मानकांत घेतला. पुढे इमारतींतल्या ओलाव्याचे अमेरिकन संशोधक विल्यम रोज यांनी हा इतिहास उकरून काढला, त्यांचं म्हणणं पुरावा तोकडा होता, इन्सुलेशनमुळे बाहेरचं लाकूड जास्त थंड राहतं आणि थंड लाकूड ओलावा जास्त धरून ठेवतं एवढ्यानेही रंग सोलवटू शकतो. हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

हवेच्या गळतीवर जोर दिला तो प्रामुख्याने कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या लोकांनी, नील हचन आणि ग्रँट विल्सन, साधारण १९६० पासून. १९७७ मधे रेजायनाला हॅरल्ड ऑर आणि सहकाऱ्यांनी बांधलेलं सस्कॅचवान कन्झर्वेशन हाउस हे घट्ट बंद घराचं गाजलेलं उदाहरण.

बसवण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते. स्टडमधे (भिंतीचे उभे लाकडी खांब) ग्लासवूल भरून झालं की आतल्या बाजूने ६ मिल म्हणजे ०.१५ मिमी जाडीचा पॉलिथिन कागद स्टेपल करतात, जोड स्टडवर आणून एकावर एक चढवतात, मधे न सुकणारं काळं सीलंट, वरून टेप, मग ड्रायवॉल. घोळ होतो तो जोडांवर, इलेक्ट्रिकचे बॉक्स, खिडकीची चौकट, दोन मजल्यांमधली कडेची तुळई. नंतर प्लंबर येऊन भोक पाडतो ते वेगळंच! तपासणी ब्लोअर डोअरने, म्हणजे दारात पंखा लावून ५० पास्कल फरकाला तासाला किती वेळा घरातली हवा बदलते ते मोजायचं. अमेरिकेच्या २०१२ च्या ऊर्जा संहितेत थंड भागांना मर्यादा ३ आहे. थरातून वाफ किती झिरपते त्याचं माप 'पर्म', आकडा जितका लहान तितकी वाफ जास्त अडते, ०.१ किंवा कमी तो पहिला वर्ग, १ पर्यंत दुसरा, १० पर्यंत तिसरा. पॉलिथिन ०.०६ च्या आसपास म्हणजे पहिल्यात, साधा लॅटेक्स पेंट बहुधा तिसऱ्यात.

हवारोधक कुठल्याही बाजूला चालतो, बाष्परोधकाचं तसं नाही. फ्लोरिडासारख्या दमट गरम ठिकाणी एसी चालू असताना वाफ बाहेरून आत येते, तिथे आतला प्लास्टिक थर उलट पाणी कोंडतो, हॉटेलांच्या व्हिनाइल वॉलपेपरमागची बुरशी त्यातलीच. व्हँकूवरच्या १९८०-९० च्या दशकांतल्या गळक्या फ्लॅट्सबद्दलही काही जण आतल्या पॉलिथिनला दोष देतात, पण मूळ पाणी पावसाचं होतं, पॉलिथिनने फार तर वाळणं लांबवलं. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेच्या हार्टविग क्युन्झेल यांनी पॉलिअमाइडची फिल्म पुढे आणली, कोरड्यात बंद राहते आणि ओलाव्यात मोकळी होते.

आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या घरांत हे थर बसवायची पद्धत नाही आणि मुंबईच्या हवेत कॅनडाचा नियम उचलून लावणं चुकीचंच. अपवाद कोल्ड स्टोरेजचा. नाशिकची द्राक्षं, तासगावचे बेदाणे ठेवतात तिथे बाहेर गरम नि आत थंड, म्हणून बाष्परोधक इन्सुलेशनच्या बाहेरच्या बाजूला. जुन्या गोदामांत भिंतीला गरम डांबर लावून त्यावर थर्मोकोलच्या लाद्या चिकटवायचे, डांबर हाच बाष्परोधक. आता पफ पॅनेल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेले) वापरतात, त्यांचा पत्राच वाफ अडवतो, जोड मात्र सीलंटने बंद करावे लागतात, नाहीतर वाफ आत जाऊन बर्फ धरतो आणि इन्सुलेशन निकामी होतं.