एकमियाला फुल येईना? पिकलेलं फळ शेजारी ठेवा!

बेळगावच्या नर्सऱ्यांत हल्ली एकमिया फॅसियाटा हे झाड बरंच दिसायला लागलंय. रुपेरी पट्ट्यांची रुंद पानं, मधोमध पाणी साठणारी वाटी, त्यातनं वर आलेला गुलाबी तुरा आणि तुऱ्यात बारकी निळी-जांभळी फुलं. लोक तुऱ्यासकट झाड आणतात, तुरा काही महिने टिकतो, मग वाळतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. कुणी म्हणतं झाड मेलं, कुणी म्हणतं नजर लागली, कुणी ताक, अंड्याची टरफलं, गांडूळखत सगळं त्या वाटीत ओतत बसतं आणि शेवटी कुंडी कचऱ्यात जाते. मला हे बघवत नाही, कारण झाडाला काहीही झालेलं नसतं.

हे झाड ब्राझीलचं, अननसाच्या कुळातलं. एका रोपट्याला आयुष्यात एकदाच तुरा येतो, नंतर ते बुडाशी पिल्लं देतं आणि हळूहळू वाळतं. केळीचं जसं असतं तसंच. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की धारदार चाकूनं कापून वेगळं लावायचं. आपली तांबडी माती मात्र नको, पावसाळ्यात ती चिकट होते आणि बूड कुजतं. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, थोडी झाडाची साल एवढं पुरतं. जंगलात हे झाडांच्या फांद्यांवर वाढतं, आपल्या जांबोटी-चोर्ल्याकडं सीतेची वेणी हे ऑर्किड वाढतं तसं, आणि दोन्हीला बांडगूळ म्हणणं चूक आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या आत शिरून त्याचा रस पितं, हे फक्त बसायला जागा घेतं. पाणी बरंचसं पानांवरच्या खवल्यांतनं आत जातं. पानावरची चांदी म्हणजे तेच खवले, बोटानं जरा जोरात घासून बघा, पांढरी पूड निघते आणि खाली साधं हिरवं पान दिसतं. म्हणून फडक्यानं पुसायचं नाही, आणि बोअरचं जड पाणी पांढरे डाग पाडतं म्हणून शक्यतो पावसाचं पाणी.

पण माझा मुद्दा फुलाचा आहे. पिल्लू दोनतीन वर्षांचं झालं, पूर्ण वाढलं, तरी तुरा येत नसेल तर काय करायचं? वाटीतलं पाणी झाड तिरकं करून ओतून टाकायचं, कुंडीशेजारी पूर्ण पिकलेलं सफरचंद ठेवायचं, दोन्हीवर मोठी पारदर्शक पिशवी घालून तोंड बांधायचं आणि सात ते दहा दिवस सावलीत ठेवून द्यायचं. मग पिशवी काढून नेहमीसारखं पाणी घालायचं. साधारण दोनतीन महिन्यांत तुरा दिसायला लागतो. आमच्या टिळकवाडीत गॅलरीतलं असं बांधलेलं झाड बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे काय ओ, कुणी उतारा टाकलाय काय?" उतारा नाही, यात शुद्ध रसायनशास्त्र आहे आणि ते मला फार म्हणजे फार आवडतं.

सफरचंद पिकताना इथिलीन नावाचा गॅस सोडतं. दोन कार्बन, चार हायड्रोजन, बस, एवढा बारका रेणू, पण वनस्पतींसाठी ते संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे. १९०१ मध्ये रशियात दिमित्री नेल्युबोव या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतायत आणि दोष गॅसच्या दिव्यातल्या इथिलीनचा आहे. हा गॅस फळं स्वतःच बनवतात हे रिचर्ड गेन या शास्त्रज्ञानं १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये सफरचंदांवरच दाखवलं. त्याच्याही आधी, १८७० च्या दशकात, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर काचघरातल्या अननसाला धूर लागला आणि सगळी झाडं एकदम फुलली, तेव्हा कुणाला कारण कळलं नव्हतं. धुरात इथिलीन असतं.

आता आत काय होतं ते बघा. झाड मेथिओनीन नावाच्या अमिनो आम्लापासून सॅम नावाचा रेणू बनवतं, त्याचा एसीसी नावाचा दुसरा रेणू होतो आणि एसीसीचं ऑक्सिजन वापरून इथिलीन. पेशीत इथिलीन ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांच्यात तांब्याचा अणू बसवलेला असतो आणि इथिलीन त्या तांब्याला येऊन चिकटतं. खरी मजा पुढं आहे. आपल्याला वाटेल इथिलीन चिकटलं की प्रथिन चालू होतं, तर उलट, ते बंद पडतं! इथिलीन नसताना हे प्रथिन सीटीआर१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावून पुढचा सगळा निरोप अडवून धरतं, उसाच्या पाटात दगड लावून पाणी अडवतात तसं. इथिलीन आलं की दगड निघतो, निरोप केंद्रकापर्यंत जातो, तिथल्या जनुकांचं काम बदलतं आणि अननस-एकमियाच्या बाबतीत वाटीच्या तळाशी असलेला वाढीचा कोंब पानं करायचं सोडून तुरा करायला लागतो. म्हणून तर वाटी रिकामी करायची, पाणी असलं की गॅस कोंबापर्यंत नीट पोचत नाही. आणि म्हणूनच लहान रोपाला पिशवी बांधून उपयोग नाही, निरोप आला तरी तो मानण्याइतका कोंब तयार नसतो.

अननसात हा निरोप निसर्गतःही येतो, दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की झाडाच्या शेंड्यात इथिलीन वाढतं. अननसाचे शेतकरी सगळं पीक एकदम यावं म्हणून इथेफॉन नावाचं रसायन वापरतात, ते झाडात जाऊन फुटतं आणि इथिलीन सोडतं. घरी कार्बाइड मात्र वापरू नका, त्यात आर्सेनिक-फॉस्फरसचा अंश असतो आणि फळं पिकवायला त्याच्यावर बंदीच आहे.

आता त्या "रात्री ऑक्सिजन देणारं झाड, बेडरूममध्ये ठेवा" वाल्या जाहिरातींबद्दल. एकमिया रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं, पाणी वाचवायची ती युक्ती आहे, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो आणि तो दिवसाच तयार होतो. अशा दाव्यावर जादा पैसे देऊ नका.

दोन गोष्टी सांभाळा. वाटीतलं पाणी आठवड्यातनं एकदा पूर्ण ओतून नवीन घाला, नाहीतर डास होतात. त्रिनिदादमध्ये याच कुळातल्या झाडांच्या वाट्यांत वाढणाऱ्या डासांमुळं कोकोच्या बागांत मलेरिया पसरायचा आणि ती झाडं मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, फवारायचे. म्हणजेच तांबं या कुळाला विष आहे, सुपारीवर मारायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण चुकूनही यांच्यावर उडवू नका.

गणपतीत तुरा हवा असेल तर जूनच्या सुरुवातीलाच पिशवी बांधा. पण तेव्हा बाजारात मिळणारी सफरचंदं बहुतेक शीतगृहातली असतात, काहींवर १-एमसीपी नावाचा गॅस सोडलेला असतो जो नेमका तोच तांब्याचा अणू अडवून बसतो, त्यामुळं ती इथिलीन फार कमी सोडतात. त्यापेक्षा भाताच्या पिंजारात अढी घातली असेल तर त्यातलाच एखादा पिवळा झालेला, वास सुटलेला हापूस घ्या. अढीतले आंबे एकमेकांना पिकवतात ते याच गॅसनं. हापूस संपला असेल तर ठिपके पडलेली दोन केळीही चालतील.