थराथरांतली मार्गगणना: पार्श्वभूमी

दोन शहरांमध्ये आयपी नेटवर्कवर, म्हणजे राउटरांच्या वरच्या थरावर, दोन स्वतंत्र लिंक दिसतात. एक पडली तर दुसरी आहे, म्हणून सगळे निर्धास्त. मग जेसीबीचा एक घाव बसतो आणि दोन्ही एकदम जातात, कारण खालच्या ऑप्टिकल थरात दोन्ही एकाच डक्टमधल्या फायबरवरून चाललेल्या असतात. राउटरला हे कोणी सांगितलेलेच नसते.

मार्ग काढण्याचे गणित जुनेच. डाइक्स्ट्रा यांची कमीत कमी अंतराची रीत १९५९ साली छापून आली. खरी अडचण होती माहितीची. राउटर एका कंपनीचे, डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरवरून प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी नेणारी यंत्रणा) दुसरीचे, त्यांची व्यवस्थापन प्रणालीही वेगळी. नवी लिंक हवी असली की आयपीवाल्यांनी ट्रान्समिशनवाल्यांकडे मागणी नोंदवायची आणि थांबायचे.

एमपीएलएसच्या (पॅकेटला लेबल लावून ठरल्या मार्गाने नेण्याच्या तंत्राच्या) कल्पना एसडीएच (फायबरवरची एक प्रसारण पद्धत) आणि तरंगलांबींपर्यंत नेत आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये जीएमपीएलएसची रचना मांडली. सगळ्या थरांना नियंत्रणाची एकच भाषा! कल्पना देखणी होती, पण तिचा पुरता लाभ घ्यायचा तर वरच्या थराला खालचा सगळा तपशील उघडा करून द्यावा लागतो. शिवाय प्रकाशाच्या मार्गात सिग्नल किती बिघडेल, तीच तरंगलांबी टोकापर्यंत मोकळी आहे का, हेही पाहावे लागते. सिग्नलचे हे आडाखे विक्रेते सहसा स्वतःपाशीच ठेवतात.

म्हणून २००६ चे पाऊल मला निर्णायक वाटते. आरएफसी (आयईटीएफचा क्रमांकित दस्तऐवज) ४६५५ ने मार्गगणनेसाठी पीसीई हा वेगळा घटक कल्पिला. त्याच्याशी बोलण्याचा प्रोटोकॉल, पीसीईपी, मार्च २००९ मध्ये आला आणि त्याच वर्षी आरएफसी ५६२३ ने तो आंतरथरीय कामाला जोडला. एकाच पीसीईला दोन्ही थर दिसावेत, किंवा वरच्या थराच्या पीसीईने खालच्या थराच्या पीसीईला विचारावे. या दुसऱ्या पद्धतीत खालच्याला आपला नकाशा उघडा करावा लागत नाही. डोमेनच्या (एका नियंत्रणाखालच्या नेटवर्कच्या भागाच्या) सीमेवर आरएफसी ५५२० ने तर मार्गाच्या झाकलेल्या तुकड्याऐवजी नुसती एक किल्ली पाठवायची सोय केली. ती उलगडते ज्याच्या हद्दीत तो तुकडा आहे त्याच्याचकडे.

२०१२ मध्ये पीसीईंची उतरंड आली. २०१७ मध्ये, उभारलेल्या मार्गांची नोंद ठेवणाऱ्या स्टेटफुल पीसीईसाठी पीसीईपीचा विस्तार झाला. २०१८ च्या एसीटीएन चौकटीने आजची मांडणी घातली: प्रत्येक डोमेनचा कंट्रोलर आपापल्या उपकरणांचा हिशेब करतो, वरचा समन्वयक त्यांनी दिलेले संक्षिप्त नकाशे जोडून टोकापासून टोकापर्यंतचा मार्ग बांधतो. त्या नकाशांसाठीचे यांग (नेटवर्कची माहिती ठरावीक साच्यात मांडण्याची भाषा) मॉडेल २०२० मध्ये आरएफसी ८७९५ म्हणून ठरले. नकाशा किती संक्षिप्त करायचा, हे मात्र अजूनही नेटवर्क चालवणाऱ्यालाच ठरवावे लागते.