मोठ्या दुकानाची पगारवाढ आणि लहान दुकानाचा हिशेब

अमेरिकेतील लहान दुकानदारांची मोठ्या साखळी दुकानांविरुद्धची तक्रार जुनीच आहे, मात्र तिचा रोख बदलला आहे. १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला तेव्हा वाद भावाचा होता. साखळ्यांना पुरवठादारांकडून मिळणारी सवलत आम्हाला मिळत नाही, मग त्यांच्या भावात आम्ही विकायचे कसे, असा दुकानदारांचा सवाल होता आणि पुरवठादारांच्या या दुजाभावाला आळा घालण्याचा प्रयत्न त्या कायद्याने केला. आता भावाच्या जोडीला पगार आला आहे.

पगाराच्या बाबतीत किरकोळ विक्री बराच काळ कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन ठरवले, परंतु मुख्यतः राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या दुकानांना त्यातून वगळले. १९६१ च्या दुरुस्तीने वर्षाला १० लाख डॉलरहून अधिक उलाढाल असलेले किरकोळ विक्रेते त्यात आणले. मोठ्यांना नियम लावावा आणि लहानांना मोकळे ठेवावे, हा त्यामागचा विचार होता. तो कागदावर ठीक असला, तरी नोकरी शोधणारा माणूस दुकानाची उलाढाल पाहत नाही, हाती किती पडणार ते पाहतो.

पुढच्याच वर्षी सॅम वॉल्टन यांनी आर्कान्सामधील रॉजर्स येथे पहिले वॉलमार्ट उघडले. कमी खर्च आणि कमी भाव हे त्याचे सूत्र होते आणि कमी पगार त्या सूत्राचाच भाग होता. त्यामुळे २००५ मध्ये कंपनीचे प्रमुख ली स्कॉट यांनी स्वतःच किमान वेतन वाढवण्याचा विचार करावा असे अमेरिकी संसदेला, म्हणजे काँग्रेसला, सुचवले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. पुढचा पगार होईपर्यंत आमच्या गिऱ्हाइकांच्या हाती गरजेच्या वस्तूंपुरताही पैसा उरत नाही, असे कारण त्यांनी दिले. ते खोटे होते असे मानण्याचे कारण नाही. पण केंद्रीय किमान वेतन तेव्हा ५.१५ डॉलर होते आणि कंपनीचा सरासरी पगार त्याच्या बराच वर होता, म्हणजे सक्तीच्या वाढीचा भार प्रामुख्याने इतरांवर पडला असता, हेही विसरता येत नाही.

केंद्रीय दर २००९ मध्ये ७.२५ डॉलरवर पोहोचला आणि तिथेच थांबला. त्यानंतर आकडे कंपन्या ठरवू लागल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये वॉलमार्टने सुमारे ५ लाख कर्मचाऱ्यांसाठी ताशी किमान ९ डॉलर आणि वर्षभरात १० डॉलर देण्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये टार्गेट या दुसऱ्या मोठ्या साखळीने २०२० अखेर १५ डॉलरचा शब्द दिला आणि ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ पासून तोच दर लागू केला. अर्थात त्याच वेळी गोदामातील कामगारांचे मासिक बोनस आणि समभाग बंद केले. वाढ मोठ्यांनाही फुकट पडली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुढच्या वर्षीचा नफा घटणार असे वॉलमार्टने सांगताच तिचा शेअर एका दिवसात सुमारे १० टक्क्यांनी कोसळला, आणि त्या घटीचे मोठे कारण पगारच होते.

मात्र एवढा घाव सोसून पुढे जायला मोठ्यांकडे मार्ग असतात. कामगार टिकल्याने नव्यांना शिकवण्याचा खर्च वाचतो, गल्ल्यावर माणसाऐवजी यंत्र बसवता येते आणि उरलेला भार हजारो दुकानांवर पसरतो. पूर्णवेळ आठ माणसे ठेवणाऱ्या लोखंडी सामानाच्या दुकानाचा हिशेब निराळा असतो. ताशी एक डॉलर वाढवला की वर्षाच्या २,०८० तासांप्रमाणे १६,६४० डॉलर होतात, आणि सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांतील मालकाचा ७.६५ टक्के हिस्सा धरला तर रक्कम १७,९०० च्या पुढे जाते. भाव वाढवून ती वसूल करावी, तर समोरचे महादुकान भाव हलू देत नाही. शिवाय नव्या पोराला १५ डॉलर द्यायचे ठरले की दहा वर्षे काउंटर सांभाळून १६ डॉलरपर्यंत आलेला जुना माणूस कुरकुरू लागतो आणि तोही रास्तच असतो. मग एक जागा रिकामी राहते आणि मालक स्वतः शनिवारी उशिरापर्यंत गल्ल्यावर बसतो.

एलोरा डेरेनकोर्ट, क्लेमेन्स नोल्के आणि डेव्हिड वाइल या अभ्यासकांनी २०२१ मध्ये मोठ्या कंपनीच्या पगारवाढीचा इतर मालकांच्या पगारावर होणारा परिणाम नोकरीच्या जाहिरातींवरून मोजला. ॲमेझॉनने जाहिरातीतील पगार १० टक्क्यांनी वाढवला, तर त्याच परिसरातील इतर मालकांचा पगार सरासरी सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. कामगारांच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी होती. लहान मालकाला मात्र त्यातून दिसते ते एवढेच, की आपल्या दुकानातला दर आता आपल्या हाती नाही.

मार्च २०२१ मध्ये केंद्रीय किमान वेतन १५ डॉलरपर्यंत नेण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडली, तेव्हा लहान उद्योजकांच्या संघटनांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यानंतर दोन वर्षांत वॉलमार्टने आपला किमान दर १२ वरून १४ डॉलरवर नेला, आणि त्यासाठी कुठल्याही सभागृहात मतदान झाले नाही.