इंद्रधनुष्याची रंगचित्रे आणि हस्तकला

इंद्रधनुष्याची कमान नुसत्या बाह्यरेषांत छापून मुलांना रंगवायला दिलेले पान म्हणजे इंद्रधनुष्याचे रंगचित्र. याच कमानीभोवती कातरकाम, चिकटकाम, ठसेकाम आणि रंगीत पाण्याचे खेळ असे बरेच काही उभे राहिले आहे. फूल, मासा किंवा घर रंगवण्यापेक्षा हे काम एका बाबतीत वेगळे आहे. फुलाला कोणताही रंग दिला तरी ते फूलच राहते. इंद्रधनुष्यात मात्र रंगांचा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे हे पान रंगवताना मूल रंग भरते आणि त्याच वेळी निसर्गातला एक क्रमही हाताने गिरवते. क्रमाची ही शिस्त आणि रंग उधळण्याचा आनंद एकाच कागदावर नांदतात, म्हणून हे साधे पान इतके मोलाचे.

क्रम आणि सातवा रंग

मराठीत हा क्रम ‘तानापिहिनिपाजा’ या जोडशब्दाने लक्षात ठेवतात : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. तांबडा कमानीच्या बाहेरच्या कडेला, जांभळा आतल्या. प्रत्यक्षात इंद्रधनुष्यात सात वेगळे पट्टे नसतातच. एक छटा दुसरीत अलगद मिसळत जाते. लोलकातून सूर्यप्रकाश फाकवून पाहणाऱ्या आयझॅक न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग मानले होते. पुढे नारिंगी आणि पारवा हे दोन वाढवून त्याने संगीतातल्या सात स्वरांशी रंगांची सांगड घातली आणि १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशावरील ग्रंथात ती मांडली. आज मुले जे सात पट्टे रंगवतात त्यांची संख्या अशी ठरली आहे.

खरी अडचण येते ती पारव्यापाशी. तांबडा सापडतो, पिवळा सापडतो आणि सहाव्या पट्ट्यावर मूल थांबते, कारण खडूंच्या छोट्या पेटीत पारवा बहुधा नसतोच. हे आजचे नाही. १९०३ साली अमेरिकेत ‘क्रेयोला’ मेणखडूंची पहिली आठ रंगांची पेटी आली. तीत तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा हे खडू होते. इंद्रधनुष्यातले सहा रंग होते, पारवा नव्हता. यावर उपाय सोपा आहे. पट्टा आधी निळ्याने हलकासा भरावा आणि त्यावरून जांभळा फिरवावा. पारव्याच्या जवळ जाणारी छटा मिळते. आपल्याकडे नसलेला रंग आपण तयार केला, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते. काही पानांवर सहाच पट्टे छापलेले असतात. लहानग्यांसाठी त्यात वावगे काही नाही.

पान आणि हात

सात पट्ट्यांसाठी आठ रेषा लागतात. हे मोठ्यांच्याही चटकन ध्यानात येत नाही, म्हणून घरी काढलेल्या कमानीत एक पट्टा हमखास कमी पडतो. कर्कटक असेल तर एकच मध्यबिंदू धरून त्रिज्या सारख्या अंतराने कमी करत जावे. नसेल तर टाचणीला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल बांधली तरी भागते. प्रत्येक कमानीसाठी दोरा तेवढा आखूड करायचा. दीड-दोन वर्षांचे मूल नुसत्या रेघोट्या ओढते, त्याला रेषेच्या आत राहायला सांगणे व्यर्थ आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रुंद पट्ट्यांची, ठळक रेषांची मोठी कमान जमू लागते. त्या वयात बारीक पेन्सिलीपेक्षा जाड मेणखडू हाती द्यावा. अरुंद पट्टे, ढगांची नक्षी, अंकांवरून रंग ओळखायची चित्रे हे सारे नंतरचे.

कमानीचा पट्टा भरताना मनगट एका बाजूकडून दुसरीकडे वळत जाते, आणि उभ्या-आडव्या रेघांत न मिळणारा सराव हाताला इथे होतो. सुरुवात वरच्या तांबड्या पट्ट्यापासून करून खाली यावे, म्हणजे रंगवलेल्या भागावर हात टेकत नाही आणि तेलखडू फासत नाही. जलरंग असतील तर आणखी एक गंमत घडते. क्रमातले शेजारी रंग ओल्या कागदावर एकमेकांत शिरले तरी बिघडत नाही. तांबडा-नारिंगी, पिवळा-हिरवा, निळा-जांभळा यांच्या मिश्रणातून मधली स्वच्छ छटाच निघते. तेच तांबड्याशेजारी हिरवा ठेवला तर कडेला मळकट तपकिरी चिखल होतो. चुका पोटात घालणारा असा विषय जलरंग शिकणाऱ्या मुलाला दुसरा मिळणे कठीण.

छापील पानांतल्या चुका

बऱ्याच छापील पानांवर कमानीच्या एका कोपऱ्यात हसरा सूर्य असतो. दिसायला तो गोड असला तरी ही चूक आहे. इंद्रधनुष्य दिसते तेव्हा सूर्य नेहमी पाहणाऱ्याच्या पाठीमागे असतो. सूर्यकिरण पावसाच्या थेंबात शिरताना वळतात, थेंबाच्या आतल्या बाजूवर परावर्तित होतात आणि बाहेर पडताना पुन्हा वळतात. या वळण्यात प्रत्येक रंगाचा कोन थोडा वेगळा असतो, म्हणून रंग सुटे होतात. सूर्याच्या बरोबर विरुद्ध असलेल्या बिंदूपासून तांबडा रंग सुमारे ४२ अंशांवर दिसतो, तर जांभळा सुमारे ४० अंशांवर. थेंबातल्या या प्रवासाचा हिशेब रने देकार्त याने १६३७ साली मांडला होता.

या दोन आकड्यांतून चित्रकाराला पुष्कळ काही मिळते. सूर्य ४२ अंशांहून वर चढला की जमिनीवर उभ्या माणसाला आकाशात इंद्रधनुष्य दिसत नाही. पानावर छापलेले पूर्ण अर्धवर्तुळ दिसायचे तर सूर्य अगदी क्षितिजावर हवा. एरवी कमान त्याहून बसकी असते. पट्ट्यांची जाडी तर छापील पानांवर फारच फुगवलेली असते. ४२ अंशांच्या त्रिज्येत खरे इंद्रधनुष्य जेमतेम २ अंश रुंद असते. म्हणजे कागदावर २१ सेंमी त्रिज्येची कमान काढली तर सातही रंग मिळून १ सेंमीत मावायला हवेत! तेवढ्यात खडू चालवणे लहान मुलाला शक्य नाही, तेव्हा रंगवण्यासाठी जाड पट्टे ठीकच आहेत. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला ही खरी कमान एकदा काढायला लावावी. ते कागद डोळ्यांसमोर धरते, लांब नेते, आणि आकाशातल्या कमानीचा नाजूकपणा त्याला पहिल्यांदा जाणवतो.

आणखी दोन गोष्टी पानांवर क्वचितच दिसतात. एक म्हणजे कमानीच्या आतले आकाश बाहेरच्या आकाशापेक्षा उजळ असते. आतला भाग कोरा किंवा फिकट ठेवून बाहेर करडी-निळसर छटा दिली की चित्र एकदम जिवंत होते. दुसरी म्हणजे जोडकमान. कधी कधी मुख्य कमानीच्या बाहेर, सुमारे ५० ते ५३ अंशांवर, आणखी एक फिकट कमान उमटते आणि तिच्यात रंगांचा क्रम उलटा असतो, तांबडा आत आणि जांभळा बाहेर. किरण थेंबात दोनदा परावर्तित झाल्याचा हा परिणाम. दोन्ही कमानी एकाच क्रमात रंगवलेली चित्रे सर्रास आढळतात. मुलांकडून दुसरी कमान उलटी रंगवून घेतली तर ‘असे का?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

रंगचित्रांवरचा आक्षेप

रंगवण्यासाठीची छापील पुस्तके १८८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅक्लॉफलिन ब्रदर्स या प्रकाशनाने रुळवली. त्यांच्यावर टीकाही झाली. बालकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ठाम मत मांडले की दुसऱ्याच्या रेषा भरत बसल्याने मुलाचा स्वतःच्या चित्रावरचा विश्वास उणावतो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि रोज तेच पान हाती देणाऱ्यांनी तो मनावर घ्यायला हवा. मात्र कोऱ्या कागदापुढे बावरणाऱ्या मुलाला तयार कमान हा एक आधार असतो. कमान छापलेली असावी आणि तिच्याखालची सगळी जागा मोकळी असावी, हा मधला मार्ग उत्तम. तिथे डोंगर, नाव, भिजलेले मांजर, छत्रीतली आजी, जे सुचेल ते मूल स्वतः काढते.

हस्तकला

कागदी पट्ट्यांची उभी कमान ही यातली सर्वांत समाधान देणारी कृती. घोटीव कागदाच्या सात रंगांच्या, सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि त्यांची टोके पुठ्ठ्याच्या तळाला चिकटवून एकीच्या आत एक वाकवायच्या. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या कापल्या तर आतल्या फुगतात आणि बाहेरचीला भिडतात. अर्धवर्तुळाची त्रिज्या १ सेंमीने घटली की पट्टी सुमारे ३.१४ सेंमी आखूड व्हायला हवी. बाहेरची त्रिज्या १२ सेंमी धरली तर तांबडी पट्टी सुमारे ३७.७ सेंमी लागते. ६ सेंमी त्रिज्येची जांभळी तिच्या बरोबर निम्मी, सुमारे १८.९ सेंमी. टोकांना चिकटवण्यासाठी दोन्हीकडे सेंटीमीटरभर जास्त ठेवावे. मोठ्या मुलांना ही लांबी मोजून काढू द्यावी. लहानांना पट्टी वाकवून, जास्तीची कापून, डोळ्यांनीच जुळवू द्यावी. दोन्ही टोकांना कापसाचे ढग लावले की काम पुरे.

जुन्या मासिकांचे रंगीत कागद फाडून केलेल्या चिकटकामात एकाच निळ्याच्या दहा छटा हाती लागतात. पांढऱ्या मेणखडूने कोऱ्या कागदावर रेघा ओढून वरून जलरंग फिरवला, तर मेण पाणी झिडकारते आणि पट्ट्यांमधल्या पांढऱ्या रेषा आपोआप उमटतात. टीपकागदाच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पाण्यात विरघळणाऱ्या स्केचपेनाने सात रंगांचे जाड ठिपके ओळीने काढून ती टोके दोन पेल्यांतल्या पाण्यात जेमतेम बुडवावीत. केशाकर्षणाने पाणी वर चढते, रंग सोबत ओढत नेते आणि दोन्हीकडचे रंग मध्यावर येऊन भेटतात. ठिपके पाण्याच्या पातळीच्या किंचित वर हवेत, नाहीतर रंग पेल्यातच उतरतो. पुठ्ठ्याच्या चकतीचे सात भाग रंगवून, मध्याजवळच्या दोन भोकांतून दोरा ओवून ती गरगर फिरवली की रंग एकमेकांत विरून चकती करडी-पांढरट दिसते. शुभ्र पांढरी ती होत नाही, कारण खडूचे रंग त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशातला बराचसा भाग शोषून घेतात.

साबणाच्या फुग्यावरचे रंग पाहण्याचा किंवा पाण्यावर टाकलेल्या पारदर्शक नेलपॉलिशच्या थेंबाचे रंग काळ्या कागदावर उचलून घेण्याचा प्रयोगही इंद्रधनुष्य म्हणून सांगितला जातो. तो करावा जरूर, मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि खिडकी उघडी ठेवून. पण ते रंग पातळ पापुद्र्याच्या दोन पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या मेळाने उमटतात. म्हणूनच त्यांचा क्रम तानापिहिनिपाजा असा लागत नाही.

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, बटणे, टिकल्या देऊ नयेत. ती तोंडात जातात. रंगांधत्व मुलींपेक्षा मुलग्यांत बरेच अधिक आढळते आणि त्यात तांबडा-हिरवा ओळखण्याची अडचण मुख्य असते. खडूंवर रंगांची नावे लिहिली किंवा पट्ट्यांना आकडे दिले की अशा मुलालाही कुणाला न विचारता क्रम लावता येतो.

खिडकीतली इंद्रधनुष्ये

२०२० च्या वसंतात, कोविडमुळे घरे बंद असताना, इटलीतल्या मुलांनी ‘सारे काही ठीक होईल’ अशा अर्थाच्या ओळीसह इंद्रधनुष्ये रंगवून खिडक्या-गच्च्यांवर लावली. ही लाट स्पेन, ब्रिटन आणि इतर देशांत पसरली; ब्रिटनमध्ये ती आरोग्य कर्मचाऱ्यांविषयीच्या कृतज्ञतेची खूण ठरली. रस्त्यावरून जाणारे दुसरे मूल खिडक्यांतली इंद्रधनुष्ये मोजत चालायचे. त्यातल्या कित्येक चित्रांत क्रम चुकलेला होता, आणि त्याने काहीही अडले नाही.

कागदाबाहेर

ऊन तिरके असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्याकडे पाठ करून नळीने पाण्याचा बारीक फवारा उडवला की अंगणातच छोटे इंद्रधनुष्य उभे राहते. मुलाने आपले रंगवलेले पान शेजारी धरून रंग ताडून पाहावेत. दोन मुले जवळजवळ उभी असली तरी प्रत्येकाच्या डोळ्यांत वेगवेगळ्या थेंबांतून आलेला प्रकाश शिरतो, म्हणजे दोघांची इंद्रधनुष्ये वेगळी असतात. फवारा पायांच्या खालपर्यंत पसरू दिला तर कमान दोन्ही बाजूंनी खाली उतरत वर्तुळ पुरे करू लागते, आणि मग पुढचे चित्र काढायला कागद चौकोनी घ्यावा लागतो.