उतारावरील घर

उतारावरील घर : डोंगरउताराच्या किंवा उंचसखल जमिनीवर, तिचा मूळ चढउतार शक्य तितका राखून बांधलेले कौटुंबिक घर. संपूर्ण जागा सपाट करून उभारलेल्या घराचा यात सहसा समावेश करीत नाहीत. घराची लांब बाजू समोच्च रेषांना (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) समांतर ठेवल्यास खोदाई कमी होते.

अशा घरांतील अर्धमजली (स्प्लिट लेव्हल) रचनेच्या, म्हणजे लगतच्या खोल्यांच्या पातळ्या सुमारे अर्ध्या मजल्याने वरखाली ठेवण्याच्या, उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तो अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या घरांत शोधते. दुसरे मत ऑस्ट्रियन वास्तुशिल्पज्ञ आडोल्फ लोस यांच्याकडे निर्देश करते. खोल्या निरनिराळ्या पातळ्यांवर गुंफण्याच्या लोस यांच्या पद्धतीसाठी ‘राउमप्लान’ ही संज्ञा त्यांचे शिष्य हाइन्रिख कुल्का यांनी १९३१ च्या सुमारास रूढ केली. या पद्धतीचे परिपक्व उदाहरण, प्रागमधील व्हिला म्युलर (१९२८–३०), तीव्र उतारावरच आहे. तथापि लोस यांच्याकडे पातळ्या बदलतात त्या मुख्यतः प्रत्येक खोलीच्या उपयोगानुसार लागणाऱ्या उंचीमुळे. म्हणून ही रचना अंतर्गत अवकाशाच्या विचारातून आली व उतारावर विशेष सोयीची ठरली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जोते अर्धे खोदलेल्या मूळ जमिनीवर आणि अर्धे भरावावर असणे हा सर्वांत घातक दोष होय. भराव दबतो, मूळ जमीन तितकी दबत नाही आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. त्यामुळे पाया पायऱ्यापायऱ्यांनी उतरवीत सर्वत्र मूळ थरापर्यंत नेणे इष्ट. उतारावरील माती अडवण्यासाठी संरक्षक भिंती बांधाव्या लागतात; त्यांच्यावरील मातीच्या दाबाचे गणित कूलाँ (१७७६) व रँकिन (१८५७) यांच्या सिद्धांतांवर आधारलेले आहे. संरक्षक भिंतीची उंची दुप्पट झाली की तिच्यावरील एकूण रेटा चौपट आणि तिला उलथवू पाहणारा परिणाम आठपट होतो; म्हणून एका उंच भिंतीऐवजी पुरेसे अंतर राखून बांधलेल्या दोन ठेंगण्या भिंती बऱ्या. मागे पाणी साचल्यास हा रेटा आणखी वाढतो. भिंतीमागे खडीचा थर, भिंतीत पाझरछिद्रे आणि घराच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर यांवर कधीही काटकसर करू नये. छिद्रे मातीने बुजली की भिंत फुगू लागते.

खांबांवर उचललेल्या घरात जमीन कमी दुखावते. वास्तुशिल्पज्ञ जॉन लॉटनर यांनी १९६० मध्ये लॉस अँजेलिस येथे एकाच काँक्रीट स्तंभावर घर उभे केले. मात्र खांब असमान लांबीचे असल्यास भूकंपात डोंगराकडील आखूड खांबांवर ताण एकवटतो, कारण लांबी निम्मी झाली की खांबाचा ताठरपणा सुमारे आठपट होतो.

रस्ता वरच्या अंगाला असल्यास प्रवेश व दिवाणखाना वर आणि झोपण्याच्या खोल्या खाली घेतात. खालच्या मजल्याची डोंगराकडील बाजू जमिनीत गाडली जात असल्याने तेथे न्हाणीघर, कोठी व जिना ठेवतात.