स्मार्टफोनचं व्यसन आणि माणसाचं स्वातंत्र्य

मोबाइल जवळ नसला की जीव कासावीस होणं, काही काम नसताना उगाच स्क्रीन उघडून बघत राहणं, झोप, अभ्यास, घरची माणसं सगळं मागे पडलं तरी ते थांबवता न येणं, याला स्मार्टफोनचं व्यसन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, फोनच्या व्यसनाची वेगळी नोंद नाहीये.

ही सवय मुद्दाम लावली जाते. 2007 ला आयफोन आला, 2008 ला पहिला अँड्रॉइड, आणि पुढे बहुतेक फुकट ॲपांची कमाई जाहिरातींवर, म्हणजे तुम्ही किती वेळ बघत बसता त्यावर, त्यामुळे रील्स संपतच नाहीत, आणि पुढची चांगली निघेल की फालतू ते माहीत नसतं म्हणूनच बोट थांबत नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय सुटता सुटत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर-कबुतरांवरच्या प्रयोगांत कधीच दाखवलेलं. गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला बघा, घुमट हे मातीचं वाद्य वाजतंय, आरती रंगात आलीय आणि अर्धे हात शूटिंगमध्ये अडकलेले.

पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की आता फोन नको म्हणायची सोयच राहिली नाही. 2016 ला यूपीआय आलं, आज म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईकडेपण क्यूआर कोड असतो, सोय आहेच ती. पण डिचोली-सत्तरीकडे एखाद्या आजीच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो, मुलगा बोटीवर कामाला, भर समुद्रात रेंज नाही, आणि ओटीपी त्याच्या फोनवर. पैसे तिचे, सही तिची, तरी ती ताटकळत बसणार. हे चुकीचंच आहे.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तरी लोकेशन, काँटॅक्ट्स सगळ्याला ‘अलाऊ’ आपणच दाबतो, कारण नाही दाबलं तर कितीतरी ॲप्स पुढे जातच नाहीत.

नोकरीत तर विचारूच नका. हॉटेलातल्या किंवा फॅक्टरीतल्या पोरांना उद्याची शिफ्ट रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर कळते, म्हणून झोपतानासुद्धा फोन उशाशी. पोर्तुगालने 2021 मध्ये कायदाच केला की ड्युटी संपल्यावर मालकाने कामगाराला, तशीच काही अडचण नसेल तर, संपर्क करायचा नाही. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 ला लोकसभेत असंच खाजगी सदस्य विधेयक (सरकारने नाही, खासदाराने स्वतः मांडलेलं) मांडलेलं, पण त्याचा कायदा झाला नाही.