पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचतं?

'विमान वर गेलं की खाली पृथ्वी फिरत राहते, म्हणून पश्चिमेकडचं शहर आपणच जवळ येतं.' हा समज शाळेपासून कानावर आहे. तो साफ चुकीचा आहे.

न्यूयॉर्क-लंडन अंतर सुमारे 5,550 किमी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे या हिशेबाने लंडनहून न्यूयॉर्कला जाताना वेळ कमी लागायला हवा. घडतं उलटंच! जाताना साधारण आठ तास, परतताना सात किंवा त्याहूनही कमी.

धावत्या लोकलमध्ये नाणं वर उडवून बघा, ते तुमच्याच हातात पडतं. तसंच पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. वेळेतला फरक पाडतो तो वारा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये याच वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून अवघ्या 4 तास 56 मिनिटांत लंडनला उतरलं.

मुंबई-लंडन प्रवासातही तेच. येताना वेळ कमी लागतो, कारण वारा पाठीशी असतो. फक्त तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका, त्या त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात.